एकाला सहा, पण कुठल्या घराचे?

किनाऱ्यावरची घरं उंच करण्याबद्दल काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य हमखास भेटतं: आपत्तीआधी खर्च केलेला एक डॉलर पुढचे सहा डॉलर वाचवतो. त्याच्या शेपटाला बहुतेक वेळा आणखी एक आश्वासन असतं, शिवाय तुमचा विम्याचा हप्ताही उतरेल. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की वाचणाऱ्याच्या मनात तिसरं आपोआप तयार होतं, घर उचला, पैसे वसूल.

आज या तिसऱ्या वाक्याची झाडाझडती घेऊ. पहिली दोन वाक्यं खोटी नाहीत, म्हणून तर ती अभ्यासण्यासारखी आहेत. तुम्ही प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा असे आयते आकडे हाताशी असतील आणि ते चिकटवण्याचा मोह होईल. इथे तो मोह एखाद्या कुटुंबाला दीड-दोन लाख डॉलरच्या कामापर्यंत नेऊ शकतो, त्यामुळे जरा सावकाश जाऊ.

आधी काम काय असतं ते बघा. आपल्याकडच्या जांभ्या-चिऱ्याच्या घराची कल्पना करून हे नीट समजणार नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावरची बरीच जुनी घरं लाकडी सांगाड्याची आहेत. ती पायापासून सुटी करतात, खाली पोलादी तुळया सरकवतात, हायड्रॉलिक जॅक लावून सगळं घर एकसाथ थोडं थोडं वर नेतात आणि खाली लाकडी ठोकळ्यांची चळत रचत जातात. मग नवे खांब किंवा नव्या भिंती उभारतात आणि घर त्यांवर टेकवतात. पाणी, वीज, गॅस, सांडपाण्याच्या जोडण्या तोडून पुन्हा जोडायच्या. सलग काँक्रीटच्या लादीवर बांधलेलं घर असेल तर प्रकरण आणखी अवघड आणि महाग. तोवर कुटुंब भाड्याच्या जागेत.

किती उंच न्यायचं हे ठरतं पायाभूत पूरपातळीवरून. कोणत्याही एका वर्षात जिथपर्यंत पाणी चढण्याची शक्यता एक टक्का आहे ती ही पातळी. लोक याला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणतात आणि फसतात. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता जवळजवळ २६ टक्के निघते (१ वजा ०.९९ चा तिसावा घात, करून बघा). ही पातळी दाखवणारे नकाशे मागच्या नोंदींवर बेतलेले असतात, समुद्र पुढे किती चढेल हे त्यांत धरलेलं नसतं. म्हणून शहाणे लोक त्या पातळीच्याही दोन-तीन फूट वर जातात.

आता त्या सहाकडे. हा आकडा नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिल्डिंग सायन्सेसच्या 'नॅचरल हॅझर्ड मिटिगेशन सेव्हज' या अहवालमालेतला. २००५ च्या अहवालात एकाला चार निघाले होते. पुढच्या, २०१८ मध्ये गाजलेल्या आणि २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या अभ्यासात केंद्र सरकारच्या अनुदानांसाठी एकाला सहा आले. काम मोठं आणि काळजीपूर्वक केलेलं आहे. माझी तक्रार अहवालाबद्दल नाही, तो उद्धृत कसा होतो त्याबद्दल आहे.

अहवालातला तक्ता उघडा. सहा ही सगळ्या आपत्तींची मिळून सरासरी आहे. तिच्यात नदीचा पूर आहे (एकाला सात), वारा आहे (पाच), भूकंप आणि वणवा आहेत (प्रत्येकी तीन). आणि वादळामुळे आत घुसणारं समुद्राचं पाणी, म्हणजे किनाऱ्यावरच्या घराचा खरा शत्रू? केंद्रीय अनुदानांच्या रकान्यात त्यासमोर गुणोत्तरच नाही. हिशेब करण्याइतकी अनुदानंच सापडली नाहीत.

बरं, नदीच्या पुराचे सात तरी घर उचलण्याचे आहेत का? तेही मुख्यतः नाहीत. तिथे तपासलेला उपाय होता पूरप्रवण घरं सरकारने विकत घेऊन पाडून टाकणं. म्हणजे ज्या घराच्या हिशेबातून सात आले ते घर आज जागेवर नाही! पाडलेल्या घराचं पुढचं नुकसान शून्य. उचललेल्या घराचं शून्य होत नाही, कारण खांबांपेक्षा मोठी लाट येऊ शकते, वारा लागतोच, आणि खालच्या मोकळ्या जागेत माणूस हळूहळू सामान भरतोच.

समुद्राच्या पाण्यासमोर एक आकडा जरूर आहे, एकाला सात. पण तो दुसऱ्या रकान्यात. नवं घर बांधतानाच बांधकाम संहितेच्या किमान अटीपेक्षा वर बांधलं तर काय, याचा तो हिशेब आहे. नवीन घराचे खांब तीन फूट जास्त लांब घेणं आणि चाळीस वर्षांचं उभं घर जॅकवर चढवणं, या दोन्हींचा खर्च एका पानावर लिहून बघा म्हणजे फरक कळेल. २०१९ च्या अहवालात जुन्या इमारती सुधारून घेण्याचा स्वतंत्र रकाना आला, त्यात नदीच्या पुरासमोर आकडा आहे, समुद्राच्या पाण्यासमोर नाही.

तर किनाऱ्यावरचं जुनं घर उचलण्याचं समर्थन म्हणून जो आकडा सगळीकडे फिरतो, त्यात असं घर जवळपास नाहीच. हे कळायला गणित लागत नाही. तक्त्याचे उभे-आडवे मथळे वाचायला लागतात, जे आपण लिटरेचर रिव्ह्यूच्या घाईत वाचत नाही.

(कोकणातल्या एखाद्या खाडीकाठच्या गावावर काम करणारा कुणी हा आकडा उचलणार असेल तर त्याने दुप्पट जपावं. तिथे एकदा संदर्भ तुटलाय, इथे दुसऱ्यांदा तुटेल.)

विम्याची बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण घरमालक निर्णय घेतो तो हप्त्याकडे बघून.

अमेरिकेत घरांचा पूरविमा मुख्यतः १९६८ च्या कायद्याने सुरू झालेल्या राष्ट्रीय पूरविमा योजनेतून मिळतो. ती चालवते फेमा, म्हणजे तिथली केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था. राहत्या घरासाठी इमारतीची कमाल भरपाई २,५०,००० डॉलर. धोक्याच्या पट्ट्यात केंद्राच्या नियमनाखालच्या बँकेचं कर्ज घेतलं असेल तर विमा सक्तीचा. अनेक दशकं हप्ता दोन गोष्टींवर बऱ्यापैकी ठरायचा: घर नकाशावरच्या कुठल्या पट्ट्यात आहे, आणि त्याचा सर्वांत खालचा मजला पायाभूत पूरपातळीच्या किती वर किंवा खाली आहे. एक-एक फुटाला हप्ता बदलायचा. 'तीन फूट वर जा, हप्ता कोसळेल' हा सल्ला या जुन्या कोष्टकांतून आलेला आहे आणि तेव्हा तो रास्तही होता.

ऑक्टोबर २०२१ पासून नव्या पॉलिसींना आणि एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणांना 'रिस्क रेटिंग २.०' ही नवी पद्धत लागू झाली. आता हप्ता ठरवताना नकाशावरचा पट्टा धरत नाहीत (सक्ती कुणाला, एवढ्यापुरता तो उरलाय). पाण्यापासूनचं अंतर, घर पुन्हा बांधायचा खर्च, आणि पहिल्या मजल्याची जमिनीपासूनची उंची, अशा बऱ्याच गोष्टी एकत्र जातात. उंचीला किंमत आहे, पण ती आता अनेकांतली एक. त्यामुळे २०२१ आधीच्या कोष्टकांवर उभा असलेला 'इतक्या वर्षांत पैसे वसूल' असा कुठलाही तक्ता आज वापरण्याआधी त्याचं साल बघा. पेपर २०२३ चा असला तरी आतली कोष्टकं २०१४ ची असू शकतात.

आता खरी गंमत. कायद्याने बहुतेक स्वतः राहणाऱ्या मालकांचा हप्ता वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. त्यामुळे ज्यांचा आजचा हप्ता खऱ्या जोखमीपेक्षा कमी आहे ते दरवर्षी पायरी-पायरीने वर चढतायत. समजा (आकडे माझे, उदाहरणापुरते) एका घराचा आजचा हप्ता १,२०० डॉलर आहे आणि पूर्ण जोखमीचा हप्ता ४,००० निघतो. मालकाने घर उचललं आणि पूर्ण जोखमीचा हप्ता ४,००० वरून २,४०० वर आला. जोखीम ४० टक्क्यांनी उतरली, छान काम झालं. पण मालकाच्या बिलात काय बदललं? पहिली चार वर्षं काहीच नाही. तो १,२०० वरून १,४१६, १,६७१, १,९७२, २,३२७ असा चढतच जाणार, कारण या सगळ्या पायऱ्या २,४०० च्या खालच्या आहेत. पाचव्या वर्षी पहिला फरक दिसेल, साधारण साडेतीनशे डॉलरचा. १,६०० चा पूर्ण फरक आठव्या वर्षी.

म्हणजे घर उचलून त्याने छत खाली आणलं, पण तो अजून जिन्यातच आहे. हा माणूस पाच वर्षांनी म्हणाला, की इतका खर्च करूनही हप्ता वाढतोच आहे, तर तो चुकीचं बोलत नाहीये. पण त्यावरून 'घर उचलून जोखीम कमी होत नाही' असा निष्कर्ष कुणी काढला तर तो चूक. हप्ता आणि जोखीम या दोन राशी आहेत. त्यांना जोडणारी दोरी राजकारणाने आणि कायद्याने कधी सैल, कधी घट्ट केलेली आहे. २०१२ मध्ये बिगर्ट-वॉटर्स कायद्याने सवलती काढायला सुरुवात केली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी सँडी वादळ न्यू जर्सी-न्यू यॉर्कवर आदळलं. आणि २०१४ मध्ये दुसऱ्या कायद्याने त्यातल्या बऱ्याच वाढी मागे घेतल्या किंवा लांबवल्या. सँडीनंतर न्यू जर्सीत घर उचलणाऱ्यांपैकी कोण पाण्याला भ्यालं आणि कोण हप्त्याला, हे वेगळं काढणं म्हणूनच अवघड आहे. 'विम्याच्या किंमतीमुळे लोक घरं उचलतात' असं दाखवणारा अभ्यास हातात आला तर पहिल्यांदा हेच शोधा, की लेखकाने या दोन भीती कशा वेगळ्या केल्या.

आणि मग दुहेरी मोजणी. 'टळलेलं नुकसान अधिक वाचलेला हप्ता' अशी बेरीज मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता ती दिसली की पेन्सिल आपोआप हातात येते. हप्ता जर जोखमीइतका असेल, तर हप्ता कमी झाला याचा अर्थच विमा कंपनी यापुढे कमी भरपाई देईल असा. तेच टळलेलं नुकसान, एकदा पाण्याच्या भाषेत, एकदा बिलाच्या भाषेत. दोन्ही मिळवले की एकच रुपया दोन खिशांत मोजला. वर सांगितलेल्या अहवालाच्या लेखकांनी ही खबरदारी घेतलेली आहे. विम्याच्या खात्यात ते फक्त विमा चालवायचा खर्च धरतात, दावे नाहीत. त्यांचा आकडा घेणाऱ्यांनी मात्र वरून हप्त्याची बचत पुन्हा लावलेली असते.

हप्ता जोखमीपेक्षा कमी असेल, तर चित्र उलटं. मालकाला दिसणारी बचत खऱ्या बचतीपेक्षा लहान असते, उरलेली विमा योजनेला, म्हणजे शेवटी सरकारी तिजोरीला मिळते. ही तिजोरी काही भरलेली नाही. २०१७ मध्ये काँग्रेसने या योजनेचं १६ अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं आणि तरी २० अब्जांहून जास्त उरलं. मालकाच्या खिशातून बघितलं तर घर उचलणं तोट्याचं आणि समाजाच्या बाजूने बघितलं तर फायद्याचं, असं एकाच वेळी असू शकतं. अनुदान द्यायचं कारण नेमकं हे आहे. पण अनुदानाचं समर्थन करणारा आकडा मालकाला कर्ज काढायचं कारण म्हणून दाखवला जातो, तिथे मला राग येतो.

मालकाचा हिशेब साधा आहे, करून टाकू. खर्च १,५०,००० डॉलर, वर्षाची बचत २,००० डॉलर, मुदत ३० वर्षं. सात टक्के डिस्काउंट रेट धरला (अमेरिकन सरकारच्या १९९२ च्या परिपत्रकामुळे फेमा अनेक वर्षं हाच वापरत होती) तर सगळ्या बचतीची आजची किंमत २५,००० च्या आत. तीन टक्के धरला तर ३९,२००. तीन टक्क्यांनीही खर्च भरून यायचा असेल तर वर्षाला साडेसात हजारांहून जास्त वाचले पाहिजेत. एवढा मोठा हप्ता भरणारे मालक आहेत, पण तुमच्या पेपरातला 'सरासरी मालक' तो नाही. दर तीन की सात, यावर उत्तर किती हलतं तेही इथेच पाहून ठेवा. पेपरच्या पद्धती विभागात हा दर एका ओळीत येऊन जातो.

फेमाच्या एका नियमाकडेही बघायला हवं, कारण संशोधनातला आकडा कार्यालयात गेल्यावर त्याचं काय होतं याचा तो नमुना आहे. २०१३ मध्ये फेमाने ठरवलं की एक टक्का पुराच्या पट्ट्यातलं घर उचलायला १,७५,००० डॉलरपेक्षा कमी खर्च येत असेल, तर ते किफायतशीर मानायचं, वेगळं लाभ-खर्च विश्लेषण नको. २०२१ मध्ये ही मर्यादा २,०५,००० झाली. मूळ आकडा आधीच्या हजारो घरांच्या सरासरी लाभातून आला होता. कारकुनी वाचते, गरीब गावांना सल्लागार नेमावा लागत नाही, हे सगळं मान्य. पण विचार करा: सरासरी लाभ हा प्रत्येक घराचा पास मार्क झाला. वर्गाची सरासरी ६० आहे म्हणून प्रत्येकाला ६० दिले तर ३५ वालाही सुटतो आणि ९० वालीची दखल राहत नाही. शिवाय ही सरासरी अनुदानाच्या चाळणीतून आलेल्या घरांची. चाळणीबाहेरच्यांना ती लावायची तर तेवढं कारण द्यायला हवं.

या सगळ्या साहित्यात एकक म्हणून घर धरलेलं असतं, हीच मला सर्वांत मोठी अडचण वाटते. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनचं उदाहरण याच्या उलट आहे. १९०० च्या वादळाने त्या बेटावर किमान सहा हजार माणसं मारली. त्यानंतर शहराने समुद्राकडेला १७ फुटांची भिंत बांधली आणि १९१० पर्यंत शहराची जमीनच उंच करून घेतली. दोन हजारांवर इमारती हाताने फिरवायच्या स्क्रू-जॅकवर उचलल्या, खाली खाडीतून उपसलेली वाळू पाण्याबरोबर पंपाने भरली. भराव सार्वजनिक पैशांतून, आपापलं घर उचलायचा खर्च मात्र मालकाचा. रस्ते, नळ, ट्रामचे रूळ, सगळं एकत्र वर आलं.

आजची पद्धत एकेका घराला वर नेते आणि रस्ता खालीच ठेवते. लष्कराच्या अभियंता दलाचा नैऋत्य लुइझियानातला प्रकल्प याच वाटेचा आहे, तीन हजारांहून जास्त घरं, ज्याला हवं त्याने ऐच्छिक भाग घ्यायचा. दिवाणखाना कोरडा राहिला, पण खाली चार दिवस पाणी असेल तर रुग्णवाहिका, शाळा, सांडपाण्याचा पंप यांचं काय, हे घराच्या लाभ-खर्चात येत नाही. उंचावरचं घर वाऱ्यालाही जास्त तोंड देतं. २०२० मध्ये लॉरा वादळाने त्याच भागातल्या लेक चार्ल्सची जी वाताहत केली तिच्यात मोठा वाटा वाऱ्याचा होता. आणि बारा फुटांचा जिना गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या बाईला रोज चढायचा असतो. तो खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा?

ज्यांना यावर काम करायचं आहे त्यांच्यासाठी, फेमा आता या योजनेच्या पॉलिसी आणि दावे नाव-पत्ता काढून सार्वजनिक करते. लाखो ओळी, फुकट. घर उंचावर आहे की नाही असा रकानाही आहे. लगेच रिग्रेशन लावायला धावू नका. तो रकाना घर उंच आहे एवढंच सांगतो. मुळात तसं बांधलं की नंतर उचललं हे सांगत नाही, आणि आपला सगळा प्रश्न तिथेच आहे. अक्षांश-रेखांश एका दशांश स्थळापर्यंतच दिलेत, म्हणजे उत्तर-दक्षिण अकरा किलोमीटरच्या चौकटीत घर कुठेही असू शकतं. पाण्यापासूनचं अंतर त्यातून काढता येणार नाही. एखाद्या नगरपालिकेचे घर उचलण्याचे परवाने मिळवून, तीच घरं आधी आणि नंतर, हप्ता आणि दावे दोन्ही वेगवेगळे ठेवून बघावी लागतील. परवान्यांचे कागद मागायला सहा महिने जातील हे वेळापत्रकात आधीच धरा.